चोवीस बिटांचे सोळा करताना

ध्वनिमुद्रणाच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये मिक्स पूर्ण झाल्यावर फाइल बाहेर काढण्यासाठी जी खिडकी उघडते, तिच्यात सॅम्पलिंग रेट (सेकंदाला ध्वनीची किती मोजमापे घ्यायची) आणि बिट डेप्थ (प्रत्येक मोजमाप किती बारकाईने नोंदवायचे) यांच्या आसपास कुठेतरी ‘डिथर’ (बिट कमी करण्याआधी ध्वनीत मुद्दाम मिसळायची सूक्ष्म खरखर) नावाचा एक पर्याय असतो. तो निवडावा की नाही, यावर ध्वनितंत्रज्ञांमध्ये जुना वाद आहे. एका बाजूला तो लावल्याशिवाय फाइल हातावेगळी न करणारे लोक आहेत आणि दुसऱ्या बाजूला ‘कुणाला ऐकू येणार आहे?’ असे म्हणून पुढे जाणारे. प्रत्यक्षात मात्र बहुतेकांच्या बाबतीत हा निर्णय सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने आधीच करून ठेवलेला असतो, कारण ज्या पर्यायाचा अर्थ नीट माहीत नाही त्याला हात न लावण्याकडेच माणसाचा कल असतो. माझे म्हणणे असे आहे की बिट डेप्थ कमी करताना डिथर लावणे ही आवडीनिवडीची गोष्ट नाही. ते गणिताने निकालात निघालेले प्रकरण आहे, आणि जिथे जुन्या ध्वनिमुद्रणांचे डिजिटायझेशन सार्वजनिक पैशातून होते तिथे ही गोष्ट कंत्राटदाराच्या मर्जीवर न सोडता लेखी अट म्हणून घातली गेली पाहिजे.

मुळात घडते काय, ते आधी पाहू. डिजिटल ध्वनीत प्रत्येक क्षणाची ध्वनिलहरीची उंची एका पूर्णांकाने नोंदवली जाते. चोवीस बिटांत या उंचीसाठी १,६७,७७,२१६ पायऱ्या मिळतात, सोळा बिटांत ६५,५३६. म्हणजे चोवीस बिटांतल्या २५६ पायऱ्यांच्या जागी सोळा बिटांत एकच पायरी उरते, आणि मधल्या सगळ्या उंचींना जवळच्या पायरीवर ढकलावे लागते. मोठ्या आवाजाच्या, अनेक वाद्यांनी भरलेल्या संगीतात लहर एका क्षणातून दुसऱ्या क्षणात शेकडो-हजारो पायऱ्या ओलांडत असल्यामुळे ही ढकलाढकल इतकी बेभरवशाची असते, की तिच्यातून निर्माण होणारी चूक साध्या खरखरीसारखी वागते. अडचण येते ती आवाज मंदावत जातो तेव्हा. लहर चार-दोन पायऱ्यांतच खालीवर होऊ लागली की चूक मूळ सुराच्या मागे मागे, त्याच्या तालावर चालू लागते, आणि सुराशी असे नाते जोडलेल्या चुकीला खरखर म्हणता येत नाही. तिला डिस्टॉर्शनच, म्हणजे विकृतीच म्हणावे लागते.

हे शब्दांपेक्षा आकड्यांत अधिक स्पष्ट होते. सोळा बिटांच्या पूर्ण पातळीपासून सुमारे ९० डेसिबल खाली असलेला १,००० हर्ट्झचा शुद्ध सूर घेतला, तर त्याची उंची शून्याच्या वर एक पायरी आणि खाली एक पायरी एवढीच असते. डिथर न लावता तो सोळा बिटांत उतरवला की गोलाईदार लहरीऐवजी उणे एक, शून्य आणि एक एवढ्या तीनच किमतींची ओबडधोबड जिन्यासारखी आकृती मिळते. अशा आकृतीत मूळ सुराच्या तिप्पट, पाचपट, सातपट अशा विषम पटींचे नवे स्वर जन्माला येतात. ते निदान मूळ सुराच्या पटीतले तरी असतात, पण ४४,१०० हर्ट्झच्या सॅम्पलिंगमध्ये २२,०५० हर्ट्झच्या वरच्या कोणत्याही स्वराला जागा नसल्यामुळे त्यापलीकडे जाणारे स्वर उलटून खाली येतात. त्रेचाळिसावा स्वर, म्हणजे ४३,००० हर्ट्झ, येऊन पडतो १,१०० हर्ट्झवर, आणि पंचेचाळिसावा ९०० हर्ट्झवर. १,००० हर्ट्झला षड्ज मानले तर १,१०० हर्ट्झ हा कोमल आणि शुद्ध रिषभाच्या मधे कुठेतरी लोंबकळणारा, कोणत्याच रागात न बसणारा स्वर आहे. तो अतिशय क्षीण असतो हे मान्य, पण तो कुणीही गायलेला नाही, कुणीही वाजवलेला नाही, आणि तरीही तो फाइलमध्ये कायमचा जाऊन बसलेला आहे. तोच सूर आणखी दहा डेसिबलने खाली आणला तर तो अर्ध्या पायरीपेक्षाही लहान होतो. तेव्हा पूर्णांकन केल्यावर प्रत्येक क्षणाची किंमत शून्य येते आणि सूर संपूर्ण नाहीसा होतो.

डिथर म्हणजे पायऱ्या कमी करण्याआधी मूळ ध्वनीत मिसळलेली, अत्यंत सूक्ष्म आणि पूर्णपणे यादृच्छिक अशी खरखर. ती साधारणपणे त्रिकोणी वितरणाची घेतात, म्हणजे दोन फासे एकत्र टाकले की मधल्या बेरजा जास्त वेळा आणि टोकाच्या बेरजा क्वचित येतात तशी. तिचा विस्तार एक पायरी वर आणि एक पायरी खाली एवढा असतो. समजा, एखाद्या क्षणी लहरीची खरी उंची ०.३ पायरी आहे. डिथर नसेल तर तिचे उत्तर दर वेळी शून्यच येणार. डिथर मिसळून पूर्णांकन केले तर शंभरांतून सरासरी बत्तीस वेळा एक, दोन वेळा उणे एक आणि सहासष्ट वेळा शून्य असे उत्तर येते. बेरीज केली तर तीस, म्हणजे सरासरी बरोबर ०.३. एका पायरीपेक्षा लहान असलेली माहिती अशी खरखरीच्या आड शाबूत राहते आणि मघाशी नाहीसा झालेला तो सूर पुन्हा ऐकता येतो. सगळी खरखर एकत्र मोजली तर ती त्या सुरापेक्षा मोठी असते, पण ती पूर्ण श्राव्य पट्ट्यात पसरलेली असते आणि सूर एका जागी उभा असतो. आपला कान एका सुराकडे लक्ष देताना त्याच्या आजूबाजूच्या अरुंद पट्ट्यातलीच खरखर मोजतो, आणि तेवढ्या पट्ट्यात सूरच वरचढ ठरतो.

चित्रे कमी बिटांत पाठवताना आधी अशी खरखर मिसळण्याची युक्ती लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी १९६२ साली मांडली होती. पुढे अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज संगणकजाळ्याच्या उभारणीमुळे ज्यांचे नाव झाले तेच हे रॉबर्ट्स. ध्वनीच्या बाबतीत कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाच्या जॉन व्हँडरकॉय आणि स्टॅन्ली लिपशिट्झ यांनी १९८४ मध्ये, म्हणजे सीडी बाजारात आल्यानंतर दोनच वर्षांनी, सर्वांत खालच्या बिटाच्याही खालची माहिती डिथरमुळे कशी टिकते हे ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात दाखवून दिले. त्यानंतरच्या त्यांच्या कामातून त्रिकोणी वितरणाचे विशेष स्थान पक्के झाले: या डिथरमुळे उरलेल्या चुकीची सरासरीही मूळ ध्वनीवर अवलंबून राहत नाही आणि तिची तीव्रताही. साध्या सपाट वितरणाच्या डिथरने पहिली गोष्ट साधते, पण खरखर मात्र संगीताबरोबर कमी-जास्त होत राहते, आणि एकसारख्या खरखरीपेक्षा अशी श्वास घेणारी खरखर कानाला जास्त टोचते.

याची किंमत मोजावी लागते हे उघड आहे. त्रिकोणी डिथरने खरखरीची पातळी ४.७७ डेसिबलने वाढते. सोळा बिटांत पूर्ण पातळीचा सूर आणि खरखर यांच्यातले अंतर सुमारे ९८ वरून सुमारे ९३ डेसिबलवर येते. ‘आम्ही आयुष्यभर खरखर काढण्यासाठी झटलो, आणि तुम्ही ती मुद्दाम घालायला सांगता,’ अशी जुन्या तंत्रज्ञांची तक्रार असते. टेपच्या हिसशी, म्हणजे तिच्यातल्या सततच्या ‘स्स्’ अशा आवाजाशी, ज्यांनी अनेक वर्षे झुंज दिली त्यांना असे वाटणे साहजिकच आहे. परंतु हिशेब मांडून पाहावा. संगीताचे सर्वांत मोठे क्षण खोलीत १०० डेसिबलने वाजत असतील, तर ही खरखर ७ डेसिबलवर येते, आणि रात्रीच्या शांत खोलीचा स्वतःचा आवाजच साधारण ३० डेसिबलच्या आसपास असतो. या किमतीत सुराला चिकटलेल्या चुकीपासून पूर्ण सुटका मिळत असेल तर तो सौदा नाकारण्याचे कारण मला दिसत नाही.

डिथरविरोधी बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा वेगळाच आहे आणि तो नीट तपासायला हवा. तो असा की, खऱ्या मायक्रोफोनने, खऱ्या खोलीत केलेल्या कोणत्याही ध्वनिमुद्रणात मुळातच इतकी खरखर असते की तीच डिथरचे काम करते. मायक्रोफोनचा क्षीण संकेत वाढवणाऱ्या प्रीअँपची खरखर, खोलीतला पंखा, जुन्या टेपचा हिस, या सगळ्यांची पातळी सोळा बिटांच्या शेवटच्या पायरीच्या कितीतरी वर असते. पूर्ण पातळीच्या ६० डेसिबल खाली असलेला टेपचा हिस म्हणजे वीसेक पायऱ्यांची सततची थरथर. तिथे आणखी एका पायरीचे डिथर मिसळून काय मोठा फरक पडणार? मुद्दा खरा आहे. कच्ची टेप जशी आहे तशी उतरवली तर डिथर असो वा नसो, परिणाम जवळजवळ सारखाच राहील.

पण कच्ची टेप कच्ची राहते कुठे? संग्रहातली मैफल लोकांपर्यंत पोचवायची म्हटली की पहिली मागणी येते ती हिस काढण्याची. हिस काढणारे सॉफ्टवेअर सर्वांत जास्त काम करते ते शांत जागी: दोन आलापांमधल्या विरामात, तबला सुरू होण्याआधी, ध्वनिमुद्रणाच्या शेवटी. म्हणजे जिथे आवाज मंद आहे आणि नैसर्गिक खरखरीची डिथर म्हणून गरज आहे, नेमकी तिथलीच खरखर आपण आधी पुसून टाकतो आणि मग सोळा बिटांत उतरवताना ‘मूळ हिस आहेच की’ असे म्हणतो. फेड-आउटचेही, म्हणजे शेवटी आवाज हळूहळू शून्यावर नेण्याचेही, तसेच. फेडर खाली येताना संगीताबरोबर हिसही खाली येतो. ६० डेसिबल खाली असलेला हिस आणखी ४० डेसिबलने उतरला की शेवटच्या पायरीच्या आत जातो, आणि फेडचे अखेरचे सेकंद कोणत्याही डिथरविना उघडे पडतात. निवेदनाच्या ध्वनिमुद्रणात वाक्यांमधली जागा गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारे साधन) लावून साफ करणाऱ्यांनाही हेच लागू आहे. डिजिटल रिव्हर्बची, म्हणजे कृत्रिम घुमाऱ्याची, शेपटी तर कोणत्याही खोलीतून आलेली नसते, ती गणितातून येते आणि शेवटपर्यंत स्वच्छच असते. म्हणून ‘स्वतःचे डिथर’ ही कल्पना स्टुडिओतल्या पहिल्या फाइलला लागू पडते, शेवटच्या फाइलला नाही, आणि बिट डेप्थ कमी करण्याचा प्रश्न नेहमी शेवटच्या फाइलपाशीच येतो.

आपल्या संगीतात हा प्रश्न अधिक नाजूक होतो, असे मला वाटते. ख्यालाच्या मैफिलीचा शेवट आठवावा. गायक थांबतो, आणि शेवटचा षड्ज छेडून झाल्यावर तंबोरा आपला आपण विरत जातो. जवारीमुळे (घोडीवर तारेला मिळणाऱ्या खास घासटीमुळे) त्याच्या एकेका तारेतून स्वयंभू स्वरांची, म्हणजे मूळ सुराबरोबर आपोआप उमटणाऱ्या वरच्या स्वरांची, मोठी मालिका बाहेर पडत असते, आणि विरताना त्या मालिकेतले स्वर एकामागून एक मागे सरतात, कुणी लवकर, कुणी उशिरा. डिथर नसेल तर या टप्प्यावर दोन गोष्टी घडतात: खरे स्वयंभू स्वर पायरीखाली जाऊन अकाली तुटतात, आणि त्याच वेळी विकृतीतून निर्माण झालेले खोटे स्वर त्यांच्या जागी उभे राहतात. पियानोच्या एका सुराशेजारी असा खोटा स्वर आला तर तो पाहुणा म्हणून ओळखू तरी येईल. तंबोऱ्याच्या गुंजारवात मात्र तो बेमालूम मिसळतो. जवारी कशी लावली होती, कोणता स्वयंभू स्वर किती टिकत होता, हे कुणी पुढे याच फाइलवरून मोजू पाहील तर त्याला तारेचे गुण आणि फाइलचे दोष वेगळे करता येणार नाहीत.

‘ऐकूच येत नाही’ या आक्षेपाचे उत्तरही इथेच सापडते. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत अधिक बिटांचा ध्वनी सीडीच्या दर्जाच्या साखळीतून नेला तरी नेहमीच्या पातळीवर श्रोत्यांना फरक ओळखता आला नाही. फार मोठ्या पातळीवर वाजवल्यावरच काय ती खरखर जाणवली. हा निष्कर्ष मला पूर्ण मान्य आहे आणि सोळा बिट ऐकण्यासाठी पुरेसे नाहीत असे ओरडणाऱ्यांच्या बाजूचा मी नाही. पण त्या चाचण्या डिथर असावे की नसावे हे तपासत नव्हत्या. सोळा बिट पुरेसे आहेत हे मान्य केले तर ते सोळाच्या सोळा बिट नीट वापरावेत एवढेच त्यातून निघते. शिवाय आज ज्या पातळीवर ही फाइल ऐकली जाते त्याच पातळीवर ती कायम ऐकली जाईल, असे गृहीत धरता येत नाही. उद्या कुणीतरी त्यातला अस्पष्ट संवाद उचलून वर काढील, कुणी शेवटचे दहा सेकंद तीसपट मोठे करून तपासील. खरखर तेव्हाही खरखर म्हणूनच वर येईल. सुराला चिकटलेली विकृती मात्र कोणत्याही उपायाने सोडवून काढता येणार नाही.

ज्याला हे पटत नसेल त्याने स्वतः करून पाहावे. तंबोरा विरत जाण्याचा शेवटचा भाग चोवीस बिटांत घ्यावा, पन्नास डेसिबलने खाली आणावा, त्याच्या डिथरसह आणि डिथरविना अशा दोन सोळा बिटांच्या प्रती काढाव्यात, आणि मग दोन्ही पन्नास डेसिबलने वर आणून ऐकाव्यात. मात्र हेडफोनचा आवाज आधी कमी करून ठेवावा. एका प्रतीत एकसारख्या खरखरीमागे तंबोरा शेवटपर्यंत चालू राहील. दुसरीत तो आधी करकरीत होईल, मग तुकड्यातुकड्यांनी येईल आणि एका क्षणी एकदम बंद पडेल.

आता माझ्याच बाजूच्या लोकांशी थोडे भांडण. डिथरची जेवढी चर्चा होते त्यातली बरीच गरज नसलेल्या ठिकाणी होते. बत्तीस बिट फ्लोटिंग पॉइंटमध्ये (मंद आवाजही बारकाईने नोंदवणाऱ्या दशांशी आकड्यांच्या स्वरूपात) प्रकल्प चालू असताना मधल्या फाइली त्याच स्वरूपात जतन कराव्यात, तिथे डिथरचा प्रश्नच येत नाही. चोवीस बिटांत उतरवतानाची चूक इतकी खाली असते की उत्तमोत्तम कन्व्हर्टरची (ध्वनीचे आकड्यांत किंवा आकड्यांचे ध्वनीत रूपांतर करणाऱ्या यंत्राची) स्वतःची खरखरही तिच्या कितीतरी वर असते. तिथे डिथर लावले तर शास्त्रशुद्ध, नाही लावले तर फारसे बिघडत नाही. एमपीथ्री किंवा एएसी यांना स्वतःची ठराविक बिट डेप्थच नसते, त्यामुळे त्यांच्यासाठी आधी सोळा बिटांची फाइल बनवणे म्हणजे उगाच एक पायरी उतरणे आहे. एन्कोडरला, म्हणजे या फाइली बनवणाऱ्या सॉफ्टवेअरला, सरळ चोवीस बिटांची फाइल द्यावी. अनेक वितरक आज चोवीस बिटांच्या मास्टर फाइली घेतात, तेव्हा सोळा करायचेच आहेत का, हा प्रश्न डिथरच्या आधी विचारायला हवा. राहता राहिले सीडी, सोळा बिटांच्या वेव्ह फाइली, प्रसारणाच्या काही यंत्रणा आणि संग्रहालयांतल्या लोकांना ऐकवायच्या प्रती. क्षेत्र आटले आहे, पण संपलेले नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे डिथरभोवती उभा राहिलेला बाजार. नॉईज शेपिंग या तंत्राने खरखर कानाला कमी जाणवणाऱ्या उंच पट्ट्यात सरकवता येते. तंत्र खरे आहे, उपयुक्तही आहे. पण त्याच्या निरनिराळ्या प्रकारांना ‘उबदार’, ‘खोल’, ‘रेशमी’ अशी विशेषणे लावून जी चर्चा चालते ती मला अत्तराच्या दुकानातली वाटते. शिवाय नॉईज शेपिंग केलेल्या फाइलवर पुन्हा काम केले, आवाजाची पातळी बदलली किंवा सॅम्पलिंग रेट बदलला, तर ती काळजीपूर्वक रचलेली खरखर विस्कटते आणि नवे पूर्णांकन पुन्हा करावे लागते. म्हणून जी फाइल नक्की शेवटची आहे तिच्यावरच ते वापरावे. पुढे कुणाच्या तरी हाती जाणाऱ्या फाइलवर साधे त्रिकोणी डिथर पुरे. आणि डिथर कोणतेही असो, ते साखळीत सर्वांत शेवटी, एकदाच. लिमिटर (आवाजाची कमाल मर्यादा राखणारे साधन), पातळी, सॅम्पलिंग रेट हे सगळे उरकल्यानंतर.

सार्वजनिक प्रश्न सुरू होतो तो इथून. आकाशवाणीचा संग्रह, पुण्यातले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, विद्यापीठे, संगीतसंस्था यांच्याकडच्या टेपा, तबकड्या आणि चित्रपटांच्या ध्वनिपट्ट्या हा आपला सामायिक ठेवा आहे. अशा कामासाठी ध्वनिसंग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना, म्हणजे आयएएसए, चोवीस बिटांत आणि किमान ४८ किलोहर्ट्झच्या सॅम्पलिंगने उतरवण्याची शिफारस करते. ती पाळली तर मूळ प्रत सुरक्षित आहे. पण हजारो फाइलींच्या ऐकण्याच्या प्रती हाताने कुणी बनवत नाही. त्या एका आज्ञेवर रात्रभर चालणाऱ्या सॉफ्टवेअरने बनतात, आणि तिथे सगळे त्या सॉफ्टवेअरच्या मूळ सेटिंगवर येऊन ठेपते. सॉक्स हे साधन बिट डेप्थ कमी करताना आपण होऊन डिथर लावते. एफएफएमपेग, जे अशा कामात सर्रास वापरले जाते, स्पष्ट सांगितल्याशिवाय लावत नाही. दोन्ही साधने विनामूल्य, दोन्ही उत्तम, आणि एकाच चोवीस बिटांच्या फाइलपासून दोघांनी बनवलेल्या सोळा बिटांच्या प्रती वेगळ्या. आज्ञेत एक पर्याय वाढवला की एफएफएमपेगही त्रिकोणी डिथर लावते, त्याला जास्तीचा पैसा लागत नाही आणि वेळही नाममात्रच लागतो. इतक्या स्वस्त गोष्टीबद्दल सक्ती कशाला, असे कुणी म्हणेल. माझे उत्तर उलटे आहे: जी गोष्ट फुकट आहे आणि तरीही निव्वळ सेटिंग न बदलल्यामुळे राहून जाते, तिच्यासाठीच लेखी अट लागते. महागड्या गोष्टीवर निदान बैठकीत चर्चा तरी होते.

म्हणून निविदेत ‘सोळा बिट, ४४.१ किलोहर्ट्झ’ एवढे लिहून थांबू नये. चोवीस बिटांची मूळ प्रत कधीही काढून टाकायची नाही, ऐकण्याची प्रत नेहमी त्या मूळ प्रतीवरूनच बनवायची, ती बनवताना शेवटच्या टप्प्यावर त्रिकोणी डिथर लावायचे, नॉईज शेपिंग केले असल्यास तसे नमूद करायचे, ही चार वाक्ये त्यात असावीत. तपासणीसाठी प्रत्येक खेपेतल्या काही फाइलींचे शांत भाग वर आणून ऐकावेत. डिथर लावले आहे की नाही हे सरावलेल्या कानाला तिथे लगेच कळते. नोंद ठेवण्याची सोयही तयार आहे: संग्रहांत वापरल्या जाणाऱ्या ब्रॉडकास्ट वेव्ह फाइलमध्ये कोडिंग हिस्टरी नावाचा एक रकाना असतो, आणि त्यात प्रत्येक टप्प्याचे सॅम्पलिंग, बिट डेप्थ आणि वापरलेले साधन एकेका ओळीत लिहिता येते. डिथरचा प्रकार त्याच ओळीच्या शेवटी बसतो.